फकीरभाईची यादी

सोलापुरातून पुण्याला रोज किती कडक भाकऱ्या जातात हे महापालिकेला माहीत नाही, कलेक्टर कचेरीला माहीत नाही, पण फकीर नदाफला माहीत आहे. सात रस्ता चौकाच्या पुढं खासगी गाड्या थांबतात तिथं त्याची पत्र्याची टपरी आहे. ‘पुणे पार्सल’ एवढेच दोन शब्द हिरव्या रंगात लिहिलेले, त्यातलाही ‘ल’ उन्हानं उडून गेलाय. सकाळी आठपासून तिथं आईबापांची रांग लागते. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात पिशवी, कुणी चादरीत बांधून चक्क गाठोडं आणलेलं. फकीर प्रत्येकावर काळ्या मार्करनं नाव, मोबाइल नंबर आणि उतरायचं ठिकाण लिहितो. हडपसर, मगरपट्टा, स्वारगेट, वाकड. एकची गाडी हलली की तिकडं फोन लावतो, “तुझ्या आईचं पार्सल निघालं रे. साडेपाचला हडपसरला हुबा ऱ्हा. शेंगाचटणी हाय, गाडीत तापू देऊ नको.” आत काय आहे ते त्याला कुणी सांगावं लागत नाही, वासानं कळतं.

आधी तो ह्याच पुणे रस्त्यावर बावीस वर्षं गाडी चालवत होता. पाठीच्या मणक्यानं दगा दिला तेव्हा मालकानं हातात मार्कर दिला आणि टपरीत बसवलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. त्याचे नियम कडक. तेलकट डबा प्लास्टिकमध्ये बांधल्याशिवाय घेणार नाही, दही तर कलेक्टरनं दिलं तरी घेणार नाही. एकदा मैंदर्गीच्या एका म्हाताऱ्यानं नातवासाठी जिवंत कोंबडी आणली होती. फकीरनं म्हाताऱ्याला चहा पाजला आणि कोंबडीसकट घरी पाठवलं. पुण्यातली पोरं त्याला ‘चाचा’ म्हणतात. कुणाची नोकरी बदलली, कुणाचं लग्न ठरलं, कोण वाकडहून हडपसरला राहायला गेलं, हे त्याला पोरांच्या मामाच्या आधी कळतं, कारण पार्सलवरचा पत्ता बदलतो.

तर अशा माणसाच्या दारात एक दिवस मुख्यालय आलं.

म्हणजे झालं असं. एका मोठ्या विमा कंपनीला मुंबईतलं भाडं परवडेना. कंपनीचं नाव मी सांगत नाही. ती काही आपली झाली नाही, मग फुकटची जाहिरात कशाला करायची? तर कंपनीनं जाहीर केलं की आम्ही आमचं मुख्यालय मुंबईबाहेर एखाद्या मध्यम शहरात हलवणार, कोण काय देतंय बोला. झालं! नोकरदार पोराच्या दारात मुलींचे बाप जमावेत तशी शहरं जमली. नाशिक आलं, कोल्हापूर आलं, तिकडून हुबळी आली, आणि आपण सोलापूरकर तर काय, बोलावणं नसलं तरी पंगतीला बसणार. कुणी जमीन देऊ केली, कुणी कर माफ केला. कोल्हापूरवाल्यांनी म्हणे पाहणीला आलेल्या साहेबांना तांबडा-पांढरा रस्सा पाजून गार केलं. आपणही चादरी दिल्या. चादर दिल्याशिवाय सोलापूरकराला पाहुणा आल्यासारखं वाटतच नाही.

आपल्याकडं समिती झाली. अध्यक्ष सोमशेखर आप्पा. टॉवेलचे कारखानदार, साठी उलटलेले, तोंडानं तिखट आणि मनानं सरळ माणूस. आप्पांचा स्वतःचा मुलगा बंगळुरात, त्यामुळं त्यांनी हे काम मनाला लावून घेतलं होतं. कंपनीचं पत्र आलं: जमीन पाहिली, वीज पाहिली, ठीक आहे. पण आम्हाला चार-सहा वर्षं काम केलेली हजारभर माणसं लागतील. ती तुमच्या शहरात आहेत का?

इथंच घोडं पेंड खात होतं. कॉलेजं आपल्याकडं चिक्कार आहेत. दरवर्षी पोरं ढिगानं बाहेर पडतात, आणि बाहेर पडतात म्हणजे खरंच बाहेर पडतात. ती थेट पुणं गाठतात. आप्पांनी ठोकून कळवलं की तुम्हाला पाहिजे ती माणसं पुण्यात असली तरी आमची आहेत, तुम्ही या, ती परत येतील. कंपनी काय कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं लिहिलं, बरं, मग यादी द्या. बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल.

यादी कुठनं आणायची? कॉलेजांकडचे नंबर दहा वर्षांपूर्वीचे, निम्मे बंद, उरलेले दुसऱ्याच कुणाचे. समितीनं पंधरा दिवस डोकं खाजवलं. शेवटी आप्पांची बायको त्यांना जेवायला वाढताना म्हणाली, “अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा! फकीरभाईला विचारा की. सोलापूरचं कुठलं पोरगं पुण्यात कुठं उतरतंय, सगळं त्याच्या वहीत आहे.”

दुसऱ्या दिवशी आप्पा टपरीवर आले आणि सरळ रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर फकीरनं सवयीनं विचारलं, “कुटं उतरवायचं?”

“काही उतरवायचं नाही,” आप्पा म्हणाले. “उतरलेलं परत आणायचंय.”

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पोरांना एकेक फोन करायचा, मुख्यालय सोलापुरात आलं तर परत येणार का विचारायचं, आणि नावापुढं उत्तर लिहायचं. “तुमचा शब्द पोरं मोडणार नाहीत, फकीरभाई,” असंही म्हणाले. त्यांना वाटलं होतं, हा आढेवेढे घेईल. फकीरनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “इन्शुरन्सचीच कंपनी ना, आप्पा? नक्की?”

त्याला कारण होतं. फकीर आणि रुक्सानाला एकच लेक, शबाना, वय अठ्ठावीस. सहा वर्षांपासून ती पुण्यात एका विमा कंपनीच्या क्लेमच्या कामात होती. जाताना म्हणाली होती, दोन वर्षांत येते. नई जिंदगी वस्तीतल्या घरावर फकीरनं तिच्यासाठी वर एक खोली बांधली, खिडकीला जाळी, टेबल, पंखा, सगळं केलं. सहा वर्षांत ती त्या खोलीत मोजून पंचवीस रात्री झोपली असेल. रुक्सानाचे गुडघे गेलेले, तिला जिना चढवत नाही, म्हणून खोली झाडायला फकीरच वर जायचा. तो लोकांच्या पोरांना रोज भाकरी धाडत होता आणि स्वतःच्या पोरीला ईदेला बघत होता. आणि आता बघा, इतक्या धंद्यांतला कुठला धंदा सोलापुरात यायला निघाला, तर तिच्याच कामाचा! “अल्लानं तिच्यासाठीच धाडली म्हणायची ही कंपनी,” तो रुक्सानाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी रुक्सानानं शेजारणीला वर धाडून त्या खोलीचे पडदे धुवायला काढले.

घरी ते लोक दखनी बोलतात. मी आपलं मराठीत सांगतोय, म्हणजे सगळ्यांना कळेल.

वहीतून सोळाशे त्रेचाळीस नावं निघाली. समितीनं छापील तक्ते दिले होते: नाव, काम, किती वर्षांचा अनुभव, आणि शेवटचा रकाना, ‘परत येणार का?’ फकीरनं पहिल्या ओळीत लिहिलं, शबाना फकीर नदाफ. शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘येते’. तिला फोन केला नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं? दर ईदेला जाताना ती येते म्हणतच होती. असं त्यानं मनाला सांगितलं, आणि खरं सांगायचं तर विचारायची त्याला छाती झाली नाही.

मग दोन महिने हा माणूस फोनला चिकटला. दुपारी एकची गाडी सुटली की पोरांच्या जेवणाच्या सुट्टीत, आणि संध्याकाळी सात ते नऊ. कान लाल व्हायचा. पण पोरं काय गोड बोलायची!

“चाचा, तुम्ही म्हणताय म्हटल्यावर येतो की!”

“अहो कंपनी येऊ द्या, दुसऱ्या दिवशी बॅग भरतो की.”

“विचारायचं काय त्यात बे? येतो की! ... सॉरी चाचा, बे तोंडात बसलंय.”

पूर्वभागातल्या तेलुगू विणकर वस्तीतल्या सुंदरम्माचा कुमार तर फोनवर भावुकच झाला. सुंदरम्मा म्हणजे फकीरची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक, सत्तरीची, नवरा यंत्रमागावर होता तो वारलेला, दर मंगळवारी एक डबा. कुमार नऊ वर्षांपासून हडपसरला, बायको तिकडचीच, पोरगी तिकडच्या शाळेत. “चाचा, अम्मा एकटी असते हो. येतो की. नक्की येतो की,” म्हणाला. फकीरनं ही बातमी सुंदरम्माला मंगळवारी सांगितली. पुढच्या मंगळवारी ती डबा घेऊन आली तेव्हा तिच्या हाताला पिवळा रंग लागला होता. आतली खोली रंगवायला काढली होती म्हणे.

काही जण नाही म्हणाले. अडीचशेच्या आसपास. ज्यांची पार्सलं वर्षातून एखादं जायची, फकीरला आवाजानं ओळखत नव्हते असले. “आम्ही इथं सेटल आहोत, काका,” म्हणायचे आणि फोन ठेवायचे. फकीरला त्यांचा राग आला. “माजलेत,” तो म्हणाला आणि त्यांच्यापुढं जरा जोरानंच ‘नाही’ लिहिलं.

बाकीच्यांपुढं मात्र त्यानं जे ऐकलं तेच लिहिलं. प्रामाणिक माणूस, पदरचं काही घातलं नाही. पानंच्या पानं, नावापुढं ‘येतो की’, ‘येतो की’, ‘येते की’. ते तक्ते समितीच्या कचेरीत कॉम्प्युटरवर चढवायला गेले. तिथल्या टायपिस्ट बाईला यादी इंग्रजीत करायची होती. आता ‘येतो की’ला इंग्रजीत काय म्हणणार? ‘येतो’ला ‘यस’ आहे, पण त्या ‘की’चं काय करायचं? तिनं तो गाळला. तेराशे ऐंशी वेळा गाळला. कंपनीकडं यादी गेली त्यात तेराशे ऐंशी नावांपुढं स्वच्छ ‘यस’, ‘यस’, ‘यस’.

आप्पांनी पेढे वाटले. एका पेपरात बातमी आली, ‘भूमिपुत्र परतणार’. टपरीवर लोक फकीरचा हात हातात घेऊन जायचे. नाशिकची यादी म्हणे आठशेचीच होती. आपण नाशिकला घातलं होतं खिशात!

पण कंपनीत ऋतुजा मॅडम म्हणून एक बाई होत्या. नोकरभरतीचं काम त्यांच्याकडं. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी यादीतल्या प्रत्येकाला फोन केला. आवाज गोड, पण प्रश्न सरळ. मुख्यालय सोलापूरला गेलं तर आपण कोणत्या महिन्यात रुजू व्हाल? घरचे बरोबर येतील का? मुलांच्या शाळेचं काय? ‘की’ला जागाच ठेवली नाही त्या बाईनं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती मंडळी सोलापुरात आली. बाहेर बेचाळीस डिग्री, आत एसी. समितीचे आठ-दहा जण टेबलाभोवती, आणि यादी त्याची म्हणून फकीरलाही मानानं बोलावलं होतं. रुक्सानानं इस्त्री करून दिलेला सदरा घालून तो कडेच्या खुर्चीत बसला होता. चादरी देऊन झाल्या, चहा झाला. मग ऋतुजा मॅडम म्हणाल्या, “आम्ही सगळ्यांशी बोललो. तेराशे ऐंशीपैकी एकशे चार जण यायला तयार आहेत.” हसल्या नाहीत, टोमणा मारला नाही, उलट त्यांनाच सांगताना जड जात होतं.

“काहीतरी चूक असेल,” आप्पा म्हणाले. “दाखवा बघू तो कागद.” कागद पुढं आला. आप्पांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं, “एक नंबर. शबाना फकीर...” आणि थांबले.

ऋतुजा मॅडमना वाटलं, अक्षर बारीक आहे म्हणून अडले. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत कडेच्या खुर्चीत कोण बसलंय! त्यांनी पुढचं वाचून दाखवलं, “शबाना नदाफ. क्लेम विभाग, सहा वर्षं अनुभव. सोलापूरला येण्याचा विचार नाही. पुण्यात घर घेतलंय, दिवाळीत ताबा.”

फकीरला कुणीतरी भर बाजारात तोंडात मारल्यासारखं झालं. घर? कुठलं घर? पुण्यातल्या दीड हजार पोरांचे पत्ते ज्याला तोंडपाठ, त्याला स्वतःच्या पोरीचा नवा पत्ता कंपनीच्या कागदातून कळला. एसीतही त्याच्या पाठीला घाम फुटला. पुढं कोण काय बोललं ते त्याला ऐकू आलं नाही. निघताना आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचाही मुलगा बंगळुरात होता.

मेमध्ये नाशिकचं नाव जाहीर झालं. मग सोलापुरात जे व्हायचं ते झालं. कुणी विमानसेवेला दोष दिला, कुणी पाणीटंचाईला, कुणी पुढाऱ्यांना. ते आपलं ठरलेलंच असतं. पण यादीची गोष्ट फुटली, आणि सात रस्त्यावर लोकांना एक नवीन खेळ मिळाला. फकीरनं चहा सांगितला की चहावाला लांबूनच ओरडायचा, “आणतो की, फकीरभाई!” ड्रायव्हर लोक गाडीत बसताना डोळा मारायचे, “पोचवतो की!” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. फकीर हसल्यासारखं करायचा. शबानाला त्यानं फोन केला नाही. तिचाही आला नाही. रुक्साना दोघांच्या मधे अडकली आणि तिनं रोजच्या चहात साखर विसरायला सुरुवात केली.

एका मंगळवारी सुंदरम्मा डबा घेऊन आली. फकीरनं मान वर न करता मार्करनं लिहायला घेतलं: कुमार, हडपसर. मग राहवलं नाही. “अम्मा, तो मला येतो म्हणाला होता. तुमची शपथ.”

“मला काय न्हाय म्हणतो व्हय?” सुंदरम्मा म्हणाली. “नऊ वर्षं झाली. दर फोनला येतो की अम्मा, येतो की अम्मा.”

“मग खोलीला रंग कशाला दिला?”

“उडाला होता म्हणून दिला. अन् तू विचारलंस म्हणून दिला. वाटलं, फकीर विचारतोय म्हणजे ह्या खेपेला येईल.” तिनं पदरानं डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर तिला एकदम राग आला. “तू पण काय शाणा रं! आमच्यात घरातनं निघताना काय म्हणतात? ‘पोयोस्ता.’ जाऊन येतो. तुमच्यात?”

“जाके आतूं.”

“आन् होटगीकडचे कानडी?”

“होगि बर्तीनि.”

“मराठी माणूस पण येतोच म्हणतोय ना? ‘जातो’ कोण म्हणतंय? अपशकून. पोरं बारकी असल्यापासनं आपणच शिकवलं, जाताना येतो म्हण, येतो म्हण. शिकवलं तेच म्हणतात ती. अन् तू येडा, ते यादीत लिहून कंपनीला धाडलंस!”

एवढ्या दिवसांत फकीर पहिल्यांदा खरं हसला. रांगेतल्या दोघीतिघीही हसल्या. सुंदरम्मा हसली नाही. “तुझ्या पोरीनं कुणाला तरी खरं सांगितलं की नाही? तिला फोन लाव,” ती म्हणाली आणि डबा त्याच्या हातात आपटून निघून गेली.

फोन फकीरनं लावला नाही, रुक्सानाकडून लावून घेतला. शबाना रविवारी सकाळी आली. उतरल्यावर बापाच्या हातातून स्वतःची पिशवी तिनं घेतली नाही, त्यालाच उचलू दिली. एवढंच काय ते नेहमीसारखं होतं. दुपारी तिघं जेवायला बसले. रुक्सानाला खाली बसवत नाही म्हणून ती खुर्चीत, पळी घेऊन. खिमा केला होता, ज्वारीची भाकरी होती.

रुक्सानाच म्हणाली, “घर घेतलंस. मला तरी सांगायचं.”

“सांगणार होते, अम्मी. मग अब्बांची ती यादी सुरू झाली.” शबानानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. “अब्बा, तुमी सोळाशे लोकांला फोन केला. मलाच का न्हाय केला?”

“तुला काय विचारायचं? दर टायमाला येते म्हणतेसच की.”

“तरी पण.”

“विचारलं असतं तर काय म्हटलं असतंस?”

शबानानं विचार केला. खोटं बोलायचं नाही असं ती ठरवून आली होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. “येते की, म्हटलं असतं,” ती म्हणाली. “तुमाला न्हाय कसं म्हणू, अब्बा? ती मॅडम परकी बाई. तिला खरं सांगता येतं.”

फकीर घास हातात धरून बसला. मग त्याला ती सगळी यादी नव्यानं कळली. कुमार, तो ‘बे’वाला, ते बॅग भरणारे, सगळे. आईच्या हातची भाकरी जो माणूस अकरा वर्षं पोचवतोय, त्याला नाही म्हणायला कुणाची जीभ रेटणार? आणि ज्यांना तो माजलेत म्हणाला होता, ते अडीचशे तेवढे बिचारे खरं बोलले होते. आप्पांनी नेमका चुकीचा माणूस निवडला होता. सोलापुरातला सगळ्यात लाडका माणूस.

“मला तिथं आवडतं, अब्बा,” शबाना हळू आवाजात म्हणाली. “नाइलाज म्हणून न्हाय. मला तिथलं माझं आयुष्य आवडतं. हे तुमाला सांगायला सहा वर्षं लागली.”

हे ऐकायला वाईट वाटतं, मी कशाला लपवू? पण ऐकल्यावर फकीरला जरा मोकळंही वाटलं. त्यानं विचारलं, “घर कसं हाय?”

“लहान हाय. वन बीएचके. सातवा मजला.”

“लिफ्ट हाय ना?”

“हाय की. दोन हायेत.”

लिफ्ट म्हटल्यावर रुक्सानानं मान वर केली. फकीरनं तिच्याकडं पाहिलं, तिच्या गुडघ्यांकडं पाहिलं. हे विचारायचं नाही असं तो कधीपासून स्वतःला बजावत होता, पण त्या दुपारी सगळेच खरं बोलत होते, म्हणून त्याच्याही तोंडून निघून गेलं. “मग आमीच येऊ का तिकडं? आता हितं दोघंच बसून काय करणार? तुझ्याजवळ ऱ्हाऊ.”

शबाना थांबली. फार नाही, घास गिळायला लागतो तेवढाच वेळ. तिची नजर आईकडं गेली, भिंतीकडं गेली, परत बापाकडं आली. मग ती हसली आणि म्हणाली, “या की, अब्बा.”

तेराशे ऐंशी वेळा जो ‘की’ फकीरला ऐकू आला नव्हता, तो ह्या खेपेला लख्ख ऐकू आला. त्याचा घास तोंडात फिरायला लागला. पण समोर पोरीचे डोळे भरून आले होते, आणि ती जिवाच्या आकांतानं हसत होती, बापाला नाही म्हणावं लागू नये म्हणून. त्याला तिची माया दाटून आली. रुक्साना पळी हातात तशीच धरून दोघांकडं बघत होती. पाणी पिऊन त्यानं घास खाली ढकलला.

“येतो की, बेटा,” फकीर म्हणाला.